तोंडावरचा रुमाल

भिवंडीत वाढलेल्या माणसाला शांत जागी झोप लागत नाही, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. त्यात गंमत थोडी आणि खरं जास्त आहे. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या चाळीला लागूनच मागांचा कारखाना होता. खटखट दिवसरात्र चालायची. ती थांबली की वीज गेली असं समजायचं, आणि त्या शांततेनं आम्ही पोरं झोपेतून जागी व्हायचो. वडील जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. मागांच्या शेडमध्ये दोन माणसांना बोलायचं झालं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, नाही तर खुणांनी भागवावं लागतं. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की तार तुटली, तर्जनी गोल फिरवली की कांडी संपली. वडिलांना डबा द्यायला जाता-जाता ही भाषा मीही शिकलो होतो. आमच्या घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात पहिल्या महिन्यातच खोलीतल्या सोबत्यानं मला विचारलं होतं, "तू सारखा भांडत का असतोस रे?"

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की डॉक्टर होताना मी केलेली पहिली मोठी चूक ऐकण्याच्या बाबतीतली होती. आणि जी चूक दुसऱ्या कुणाकडून झाली असती तर समजण्यासारखी होती, ती नेमकी भिवंडीच्या पोराकडून झाली.

तिसऱ्या वर्षाला मला मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिनची टर्म लागली. त्या आधीची वर्षं प्रेतं, हाडं आणि काचपट्ट्यांमध्ये गेलेली असतात. जिवंत माणसाजवळ विद्यार्थी पहिल्यांदा येतो तो इथं. पांढरा कोट घालून, गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप अडकवून आम्ही सकाळी नऊला वॉर्डात हजर व्हायचो. चाळीस खाटांच्या वॉर्डात साठ रुग्ण असायचे. उरलेले खाटांच्या मधल्या जागेत गाद्यांवर. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन-दोन रुग्ण वाटून दिले जात. त्यांची 'हिस्टरी' घ्यायची, त्यांना तपासायचं आणि दुसऱ्या दिवशी सरांच्या राऊंडला सगळ्यांसमोर ती केस मांडायची.

तपासण्याची रीत शेदोनशे वर्षं तीच आहे. आधी पाहायचं, मग हातानं चाचपायचं, मग बोटानं ठोकून पाहायचं आणि शेवटी ऐकायचं. छाती बोटांनी ठोकून पाहण्याची युक्ती ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर या डॉक्टरानं १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळ चालवत. पिंप किती भरलं आहे हे ते ठोकून ओळखायचे, ते पाहून मुलाला ही कल्पना सुचली असं सांगतात. स्टेथोस्कोप त्यानंतरचा. १८१६ मध्ये फ्रान्सच्या लेनेक यानं कागदाची सुरळी करून ती रुग्णाच्या छातीवर ठेवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. पुढं त्यानं लाकडी नळी बनवली. छातीतल्या आवाजांवरून क्षय ओळखायला जगाला शिकवणारा हा लेनेक १८२६ मध्ये स्वतः क्षयानंच गेला.

पण या सगळ्याच्या आधी येते ती हिस्टरी. रुग्ण काय सांगतो ते. आमचे सर, म्हणजे युनिटचे प्रमुख, एक आकडा नेहमी सांगायचे. १९७५ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांची नोंद ठेवली. त्यांतल्या ६६ जणांचं निदान केवळ बोलण्यावरूनच बरोबर झालं होतं. तपासण्यानं निदान बदललं ते सात जणांचं, आणि प्रयोगशाळेनं बदललं तेही सातच जणांचं. "म्हणजे तुमच्या गळ्यातल्या त्या नळीपेक्षा तुमचे कान महत्त्वाचे," सर म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो आणि संध्याकाळी पुन्हा त्या नळीच्याच मागे लागायचो. प्रश्न विचारण्यात काय शिकायचं, असंच आम्हां सगळ्यांना वाटत असे.

असा तो सप्टेंबर १९९४ आला.

पन्नाशीपुढच्या वाचकांना तो महिना आठवत असेल. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. त्याच्या जखमा भरायच्या आत, ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याची बातमी आली. आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगनं माणसं दगावू लागली. गणपती नुकतेच गेले होते. पुढच्या काही दिवसांत सुरतेतून काही लाख लोक मिळेल त्या गाडीनं बाहेर पडले. शेवटी मृतांचा आकडा पन्नासच्या थोडा पुढं थांबला. पण त्या आठवड्यात तो कुठं थांबेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईत औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल नाहीशा झाल्या. लोकलमध्ये कुणी खोकलं तर भोवती जागा व्हायची, आणि जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला.

मुंबईला प्लेग नवा नव्हता, त्याची आठवण जुनी होती एवढंच. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. त्यानंतर रशियातून आलेले हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जंतू येर्सिन यानं हाँगकाँगमध्ये शोधला तो १८९४ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वी. आम्ही हे सगळं मायक्रोबायॉलॉजीच्या पेपरासाठी पाठ केलं होतं. तो रोग आपल्या दारात येईल असं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शनिवार, २४ सप्टेंबर. आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे. दुपारपासून रुग्णांची रीघ लागली होती. ताप आणि खोकला असलेला प्रत्येक जण प्लेगच्या धास्तीनं आला होता. हाऊसमन दोघं, रुग्ण शंभर. म्हणून आम्हां विद्यार्थ्यांनाही हिस्टरी लिहायला बसवलं होतं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, ते संपल्यावर हातरुमाल. माझ्या तोंडाला चौकडीचा निळा रुमाल होता, डोक्यामागे घट्ट गाठ मारलेला.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला तो आला. तिशीचा, सडपातळ नव्हे तर खंगलेला, अंगात सणसणून ताप, आणि हातातल्या फडक्यावर रक्ताचे डाग. त्याला आणणाऱ्या साथीदारानं केसपेपर काढून दिला, बाकावर बसवलं आणि कपडे घेऊन येतो म्हणून तो निघून गेला. केसपेपरवर पत्ता होता भिवंडीचा, धंदा 'मजुरी'. मी त्याच्यापासून चार हात दूर उभा राहिलो. भीती वाटत होती, हे कबूल करतो. माझं वय होतं वीस.

"खाँसी कितने दिन से?" मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हाँ."

"चार-पाँच दिन से?"

"हाँ."

"खून कब से?"

"हाँ, खून."

माझ्यामागे नऊ माणसं रांगेत होती. आणि मग त्या आठवड्यात प्रत्येकाला विचारायचा तो प्रश्न विचारला, "सूरत से आये हो क्या?"

"हाँ साब," तो म्हणाला.

मी कागदावर लिहिलं : चार-पाच दिवस ताप व खोकला, थुंकीतून रक्त, सुरतेहून आलेला.

त्या एका ओळीनं पुढचे दोन दिवस काय काय झालं ते सांगतो. हाऊसमननं कागद वाचला आणि तो ताडकन उठला. पाच मिनिटांत त्या माणसाला वॉर्डाच्या टोकाच्या एका लहान खोलीत नेऊन ठेवलं. तिच्या दाराला काचेची झडप होती. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन सुरू झालं, कारण प्लेगवर ते पहिलं औषध. बातमी वॉर्डात पसरली आणि रात्री आठपर्यंत सात रुग्ण आपापल्या पिशव्या घेऊन, न सांगता निघून गेले. जेवणाचं ताट खोलीच्या दाराबाहेर ठेवलं गेलं. नऊ वाजता त्याचा साथीदार कपड्यांचं गाठोडं घेऊन परतला तेव्हा दारावरच्या माणसानं त्याला सांगितलं, "आत जाऊ नको, प्लेग आहे." गाठोडं तिथंच टाकून तो पळाला.

मला मात्र त्या रात्री, खरं सांगायचं तर, थोडा अभिमान वाटत होता. महत्त्वाची माहिती मी काढली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, वसतिगृहाच्या फाटकाशी कुणी आलंय असा निरोप आला. पाहतो तर वडील. पाळी बदलून घेऊन, एसटीनं ठाण्याला आणि तिथून लोकलनं आले होते. पेपर वाचून आईनं घरी रडारड केली होती. हातात डबा होता. मी त्यांना लांबच थांबवलं. रुमाल तोंडावर होताच. "अण्णा, जवळ येऊ नका. कालच एक पेशंट आलाय, मी त्याच्याजवळ होतो. मला गोळ्या दिल्यात, काळजी करू नका," असं मी म्हणालो.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय?"

मी पुन्हा सांगितलं.

"अरे, तोंडावरचं ते काढ आधी," अण्णा ओरडले. "तू काय बोलतोयस ते दिसत नाही मला."

दिसत नाही. ऐकू येत नाही असं ते म्हणाले नाहीत. पंचवीस वर्षं मागांच्या शेडमध्ये काढलेल्या माझ्या वडिलांचे कान गेलेले आहेत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते इतकं सवयीचं होतं की कधी जाणवत नसे. आमच्या घरात कुणी पाठमोरं बोलत नाही. आई स्वयंपाकघरातून बोलली तरी आधी वळते, मग बोलते. कारण अण्णा ओठ वाचतात. त्यांना समोरच्याचं तोंड दिसलं नाही तर ते काय करतात, तेही मला ठाऊक होतं. पाहुण्यांत, लग्नकार्यात, सरकारी कचेरीत समोरचा काय म्हणाला हे पुन्हा विचारायची लाज वाटून ते मान हलवतात आणि म्हणतात, "हो."

मी फाटकाशी उभ्याउभ्या थिजलो. भिवंडीचा पत्ता. धंदा मजुरी. भिवंडीत मजुरी म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? 'कसली मजुरी?' एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर पुढचे सगळे प्रश्न मी वेगळ्या रीतीनं विचारले असते.

डबा तसाच ठेवून मी वॉर्डाकडे पळालो. आमच्या रजिस्ट्रार मॅडम रात्रभर जाग्या होत्या, आणि त्या माणसाला सकाळी संसर्गजन्य रोगांच्या कस्तुरबा रुग्णालयात हलवायच्या कागदांवर सही करत होत्या. मी धापा टाकत म्हणालो, "मॅडम, माझी हिस्टरी चुकली असावी. त्याला ऐकू येत नाही." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बाहेर काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मग पुन्हा घे. पण आत न जाता."

आत जायची गरजच नव्हती. दाराच्या काचेसमोर उभा राहून मी रुमाल सोडला. काचेवर टकटक केलं. त्याला ते ऐकू आलं नाही. पण हालचाल दिसली म्हणून त्यानं मान वर केली. मी दोन बोटं कात्रीसारखी हलवली. तार तुटली.

तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. दोन दिवसांत त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. तो उठून काचेजवळ आला, मी पाय मागे न घेता उभा राहिलो, आणि आम्ही मधे काच ठेवून बोललो. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मी सावकाश विचारायचो, तो बोलायचा आणि बोटांनी मोजून दाखवायचा.

सुरत त्यानं जन्मात पाहिली नव्हती. तो पूर्व उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातला, अकरा वर्षांपूर्वी थेट भिवंडीला आलेला. बारा तासांची पाळी, सहा माग एकट्यानं सांभाळायचे. खोकला चार-पाच दिवसांचा नव्हे, तीन महिन्यांचा होता. रोज संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामानं कपडे भिजायचे, कमरेचा करगोटा सैल झाला होता. नाक्यावरचा डॉक्टर खोकल्याची बाटली देत होता. रक्त पडलं शनिवारी, पहिल्यांदाच.

फुप्फुसाचा प्लेग तीन महिने थांबत नाही. उपचार झाले नाहीत तर तो तीन-चार दिवसांत माणूस नेतो. तीन महिन्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, घाम आणि खंगणं, हे पहिल्या टर्मचा कुठलाही विद्यार्थी झोपेत ओळखेल. रात्री एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी स्पष्ट दिसत होती. सोमवारी थुंकीच्या काचपट्टीवर क्षयाचे लाल जंतू सापडले. रॉबर्ट कॉक यानं १८८२ मध्ये जगाला दाखवले होते, तेच.

सोमवारच्या राऊंडला सर येणार म्हणून मी रात्रभर झोपलो नव्हतो. सगळ्यांसमोर ती केस मीच मांडली, दोन्ही हिस्टऱ्यांसह. सर काही ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "हिस्टरीच्या कागदावर पहिली ओळ कुठली असते?" नाव, वय, धंदा, असं मी म्हणालो. "त्याखाली?" माहिती कुणी दिली आणि ती कितपत भरवशाची. ही ओळ आम्ही सगळे यांत्रिकपणे भरत असू : रुग्णानं स्वतः, भरवशाची. "भरवशाची नव्हती ती रुग्णाची माहिती की तुझा प्रश्न?" सर म्हणाले. मी खाली पाहिलं.

मग त्यांनी औषधांच्या कागदावर बोट ठेवलं. "स्ट्रेप्टोमायसिन चालू आहे. क्षयावरही चालतं. चालू ठेवायचं?"

हे औषध १९४३ मध्ये वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांना सापडलं. क्षयावर खरोखर लागू पडलेलं हे पहिलं औषध. त्या काळात क्षयाच्या अनेक रुग्णांना दोन-दोन महिने ही सुई रोज मिळायची. पण तिचा एक दोष आहे : ती आतल्या कानाला इजा करते. काहींचा तोल जातो, काहींचं ऐकणं जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

"नको सर," मी म्हणालो. "त्याचे कान आधीच मागांनी खाल्लेत. उरलेत तेवढे राहू देत."

सरांनी सुई खोडली आणि त्या जागी एथाम्ब्युटॉलच्या गोळ्या लिहिल्या. जाता जाता एवढंच म्हणाले, "हे पुस्तकात वाचून आलं नाही तुला." त्या टर्ममधली माझी एकमेव शाबासकी ती, आणि तीही माझ्या चुकीच्या पोटातून निघालेली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माझ्या त्या एका ओळीचा खरा हिशेब रुग्णालयात नव्हे, भिवंडीत व्हायचा होता.

तो ज्या खोलीत राहत होता तिथं दहा जण होते. दिवसपाळीचे पाच, रातपाळीचे पाच. एकाची वळकटी उठली की त्याच जागी दुसऱ्याची पसरायची. जेवण सगळ्यांचं एका खानावळीत, तिथले लोक तिला 'बिस्सी' म्हणतात. साथीदार शनिवारी रात्री पळत परतला आणि प्लेग हा शब्द त्यानं तिथं टाकला. रात्रीत खोली रिकामी झाली. त्याची वळकटी आणि ट्रंक कुणीतरी बाहेर नेऊन जाळली. ट्रंकेत गावी पाठवायचे पैसे होते की नव्हते, यावर पुढं कुणीच काही बोललं नाही. त्याचे माग सोमवारीच दुसऱ्याला देण्यात आले होते. हे सगळं मला अण्णांकडून कळलं. भिवंडीत एका शेडची बातमी दुसऱ्या शेडला कळायला वेळ लागत नाही.

पुढच्या रविवारी मी अण्णांबरोबर त्या कारखान्यात गेलो. त्याला प्लेग नाही हे सांगायला. दारात पोचेपर्यंत मला एक गोष्ट सुचलीच नव्हती. मुकादम विचारणार, प्लेग नाही तर मग काय आहे? आणि 'टीबी' म्हटलं तर? त्या काळी, आणि काही अंशी आजही, तो शब्द उच्चारला की माणसाची थाळी वेगळी होते. रुग्णानं डॉक्टरला सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही हे मी शिकलो होतो. पण एक खोटं पुसायला दुसरं खरं उघडं करावं लागलं तर काय करायचं, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

मुकादमानं विचारलंच. मी अडखळलो. अण्णांनी माझ्या हातातला कागद घेऊन त्याच्यापुढं धरला आणि शेडच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, "डॉक्टरनं लिहून दिलंय, प्लेग नाही! शिक्का बघ!" कागदावर रोगाचं नाव होतं 'पल्मनरी कॉक्स'. डॉक्टर मंडळी क्षयाला त्या शोधकाच्या नावानंच ओळखतात. मुकादमानं शिक्का पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, "हो." त्याला किती ऐकू आलं, मला माहीत नाही.

ते माग त्याला परत मिळाले नाहीत. महिन्याभरानं, थुंकीतले जंतू गेल्यावर, अण्णांनी आपल्या ओळखीनं त्याला दुसऱ्या कारखान्यात चार माग मिळवून दिले. नव्या ठिकाणी खिडकीजवळची जागा द्यायला त्यांनी मालकाला पटवलं. कारण विचारलं तेव्हा मागाच्या उजेडाचं काहीतरी सांगितलं. माझ्या चुकीची भरपाई माझ्या वडिलांनी केली, आणि ती त्यांनी मला कधी बोलून दाखवली नाही.

तो दर महिन्याला गोळ्यांसाठी रुग्णालयात येत राहिला. आला की वॉर्डाच्या दारात उभा राहून दोन बोटं कात्रीसारखी हलवायचा. मार्चमध्ये, होळीला गावी जातो म्हणून सहाव्या महिन्याच्या गोळ्या घेऊन गेला, तो मला परत दिसला नाही. त्यानं त्या शेवटपर्यंत घेतल्या असतील, असं मी धरून चाललो आहे.

मी पुढं मेडिसिनच घेतलं आणि भिवंडीलाच परतलो. मधल्या काळात पुष्कळ बदललं. क्षयाच्या नेहमीच्या उपचारांतून स्ट्रेप्टोमायसिनची सुई गेली. थुंकीची तपासणी यंत्रावर दोन तासांत होते आणि औषधाला दाद न देणारा जंतू आहे का, हेही तेच यंत्र सांगतं. उपचार चालू असताना पोषणासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देऊ लागलं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. बदललेली नाही ती मागांची खटखट. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आपल्याकडची कायद्याची मर्यादा. साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहसा त्याच्या वरच असतो, आणि पाळी बारा तासांची.

२०२० मध्ये करोना आला आणि सगळ्या जगानं तोंडं झाकली. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडीहून गोरखपूरला श्रमिकांची विशेष गाडी सुटली. त्या आधी आणि नंतर कित्येक जण नाशिक रस्त्यानं चालतच निघाले होते. त्या दिवसांत तपासायला येणारे म्हातारे कारागीर माझ्या मास्ककडे पाहून प्रत्येक प्रश्नाला "हाँ" म्हणायचे, आणि माझ्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांचे कागद भराभर भरत. तेव्हा मी दवाखान्याच्या दारात एक मोठी काच बसवून घेतली. रुग्ण एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला, आणि डॉक्टरनं मास्क काढून बोलायचं. पैशाची उधळपट्टी आहे, असं काहींना वाटलं.

करोना ओसरला, ती काच मी काढलेली नाही. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा त्यांना वाटतं ती दवाखान्याच्या सजावटीचा भाग आहे. मी त्यांना तिथं उभं करतो आणि पहिल्या दिवशी एकच काम देतो : येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, कसली मजुरी करता. आणि त्यानं हो म्हटलं, तर पुन्हा विचारा.

अण्णा आता नाहीत. शेवटच्या वर्षांत त्यांना अजिबात ऐकू येत नसे. संध्याकाळी मी घरी आलो की ते विचारायचे, "आज काय काय झालं?" मी त्यांच्या समोर खुर्ची ओढून, तोंडावर दिव्याचा उजेड येईल असा बसायचो, आणि मगच बोलायला सुरुवात करायचो.